वळकटी ठेवायची कुठे?

गिरगावात ज्या चाळीत माझे बालपण गेले, तिथली आमची खोली दहा फूट रुंद आणि बारा फूट लांब होती, आणि तीत आम्ही सातजण राहत होतो. रात्री ती निजायची खोली असे, सकाळी आल्यागेल्याची बैठक, दुपारी आईचे शिवणकाम आणि संध्याकाळी आम्हा भावंडांचा अभ्यास. एका खोलीच्या चार खोल्या करणारी ही किमया वळकट्यांची होती. पहाटे गाद्या गुंडाळल्या की जमीन मोकळी होई. पण गुंडाळलेल्या गाद्या ठेवायच्या कुठे, यावर घरात रोज वाद. ट्रंकेवर रचाव्यात तर ट्रंक उघडत नसे. दाराआड ठेवाव्यात तर दार पुरते उघडत नसे. आई म्हणे, "गादी काय, कुणीही गुंडाळील. ठेवणारा शहाणा पाहिजे."

पुढे चिंचवडच्या एका कारखान्यात मोटारींच्या सीटांची रेखाटने करण्यात मी एकतीस वर्षे घालवली. तिथे आईचे हे वाक्य मला कितीदा आठवले असेल, त्याची गणती नाही. मोटारीतली घडीची सीट म्हणजे दुसरे काय? चार माणसांची बैठक दोन मिनिटांत आवरून तिथे पोती, पेट्या, सायकल किंवा आजारी माणूस ठेवता यावा, एवढाच तिचा हेतू. दुमडण्याची बिजागरी आमच्या गावचा लोहारही करून देईल. अडचण सुरू होते ती दुमडल्यानंतर.

ही अडचण मला कागदावर समजली नव्हती. ती मला समजली कशेडी घाटात. १९७८ सालच्या मे महिन्यात अण्णा, म्हणजे माझे वडील, चिपळूणजवळच्या आमच्या गावी विहिरीच्या पायरीवरून घसरले आणि त्यांचे मांडीचे हाड मोडले. मुंबईला नेणे भाग होते आणि रुग्णवाहिका मिळेना. गावातल्या एका सज्जनांनी आपली अँबॅसडर देऊ केली. गाडी प्रशस्त, मागची सीट सोफ्यासारखी. पण अण्णा उंच, आणि फळ्या बांधलेला पाय वाकवायचा नाही. सीटची पाठ जागची हलत नव्हती. तिच्यामागे डिकीत केवढी तरी रिकामी जागा पडून होती, पण मधल्या पत्र्याने ती आम्हांला परकी झाली होती.

अखेर एक लांब जीप मिळाली. तिच्या मागच्या भागात समोरासमोर दोन बाकडी होती. ड्रायव्हरने एका बाजूचे बाकडे उचलून कडीला अडकवले आणि तो म्हणाला, "घ्या भाऊ, झाली जागा." ती झाली नव्हती. बाकडे वर गेले, पण त्याच्याखालचा, मागच्या चाकावरचा पत्र्याचा चौकोनी उंचवटा तसाच राहिला. अंथरलेली गादी एका कडेने त्यावर चढली. घाटाच्या प्रत्येक वळणावर अण्णांचा पाय त्या उंचवट्याकडे सरके, आणि मी तो दोन्ही हातांनी धरून बसे. सबंध प्रवासात अण्णा एकदाच काही बोलले. "अरे, तू सीटा करतोस ना? ही जमीन का नाही सपाट करत?"

मी सीटा करीत होतो, जमीन करीत नव्हतो. पण तेव्हापासून मी जुन्या मोटारींची चित्रे आणि पुस्तके चाळू लागलो ती सीटा पाहण्यासाठी नव्हे, तर सीटांखाली काय आहे ते पाहण्यासाठी.

आरंभ अमेरिकेतल्या आगगाडीच्या स्टेशनांवर होतो. उतारू आणि त्यांच्या ट्रंका हॉटेलापर्यंत नेणाऱ्या, लाकडी सांगाड्याच्या गाड्या तिथे असत. त्यावरूनच पुढे 'स्टेशन वॅगन' हे नाव रूढ झाले. फोर्डने १९२९ साली आपल्या 'मॉडेल ए'ची अशी गाडी काढली आणि तिचे लाकूड मिशिगनमधल्या आयर्न माउंटनच्या कारखान्यातून येई. या लाकडी गाड्यांत सीटा दुमडत नसत. त्या उचलून बाहेर काढायच्या. दोन माणसांनी धरून उतरवायचे असे हे बाकडे घराच्या ओसरीवर ठेवून माणसे सामान आणायला जात. म्हणजे वळकटीचा प्रश्न त्यांनी सोडवला तो वळकटी शेजाऱ्याकडे ठेवून. वाटेत कुणी प्रवासी भेटला, तर मात्र त्याने बसायचे कुठे?

दुसऱ्या महायुद्धानंतर लाकूड गेले आणि पोलाद आले. १९४६ सालच्या विलिस जीप स्टेशन वॅगनचे अंग ब्रुक्स स्टीव्हन्स यांनी पोलादाचे केले. मौज अशी की गिऱ्हाइकाला चुकल्यासारखे वाटू नये म्हणून ते लाकडासारखे रंगवले. १९४९ साली प्लिमथची 'सबर्बन' आली. तिचे अंग पोलादी आणि मागची सीट जागच्या जागी आडवी होणारी. याच साली हेन्री कायझर यांनी जे केले, ते मात्र मला फार बोलके वाटते.

हे कायझर म्हणजे युद्धकाळात लिबर्टी जहाजे झपाट्याने बांधणारे गृहस्थ. युद्ध संपल्यावर ते मोटारींकडे वळले. मिशिगनमधल्या विलो रन इथल्या ज्या अवाढव्य इमारतीत फोर्डने लिबरेटर विमाने बांधली होती, तिथेच त्यांचा कारखाना. त्यांच्या 'ट्रॅव्हलर' आणि 'व्हॅगाबाँड' या गाड्या दिसायला साध्या घरगुती मोटारी. पण मागची बाजू दोन भागांत उघडे, काच वर आणि फाळका खाली. मागची सीट पुढे पाडली की पाठीपासून फाळक्यापर्यंत लांबच लांब जमीन मिळे आणि पेट्या सरकवायला तिच्यावर लाकडी पट्ट्या ठोकलेल्या. मी हे चित्र पहिल्यांदा पाहिले तेव्हा अण्णांची आठवण होऊन चरकलो. ते इथे पाय पसरून निजले असते.

पण थांबा. स्टेपनी कुठे आहे? नेहमीच्या गाडीत ती डिकीत असते, आणि डिकीची तर आता जमीन झाली. कायझरच्या लोकांनी स्टेपनी डाव्या बाजूच्या मागच्या दाराला आतून टेकवून उभी केली आणि ते दार कायमचे बंद करून टाकले. बाहेरून पाहावे तर चार दारे, प्रत्यक्षात उघडतात तीन! दाराआड वळकट्या रचून आमचेही दार असेच अडत असे. हसू येते खरे, पण मी त्यांना दोष देत नाही. जागा निर्माण होत नसते, ती कुठून तरी उसनी घ्यावी लागते, हे त्यांनी लपवले नाही एवढेच.

फ्रान्समध्ये हा प्रश्न दुसऱ्या टोकाने हाताळला गेला. सित्रोएनचे पिएर-ज्यूल बुलांजे यांनी १९३० नंतरच्या दशकात आपल्या अभियंत्यांना सांगितले होते की दोन शेतकरी आणि पन्नास किलो बटाटे नेईल, नांगरलेल्या शेतातून अंड्यांची टोपली न फोडता जाईल अशी गाडी करा. मध्ये युद्ध आले. १९४८ साली पॅरिसच्या प्रदर्शनात ती 'दोन अश्वांची' गाडी लोकांनी पाहिली. तिच्या सीटा म्हणजे नळ्यांच्या चौकटीवर रबरी पट्टे ताणून घातलेले कापड. आपल्या बाजेची ही फ्रेंच बहीण! हलकी इतकी की उचलून बाहेर काढावी आणि झाडाखाली टाकून वर बसून भाकरी खावी.

आणि मग १९६१ साली रेनोची 'चार' आली. माझे या गाडीवर प्रेम आहे, ते आधीच कबूल करतो. रेनोचे प्रमुख पिएर द्रेफ्यूस यांना शहरात आणि शेतावर सारखीच चालेल अशी गाडी हवी होती. इंजिन पुढे आणि ओढणारी चाकेही पुढची, म्हणून मागे जाणारा फिरता दांडा नाही आणि त्याला झाकणारा मधला उंचवटाही नाही. मागे मोठे पाचवे दार. मागची सीट पुढे दुमडावी किंवा सरळ काढून ठेवावी. पण मागच्या चाकांना स्प्रिंगा तर हव्यात, आणि नेहमीच्या स्प्रिंगा वर उंच उभ्या राहून जमीन खातात. म्हणून अभियंत्यांनी पीळ घेणाऱ्या पोलादी सळ्या गाडीच्या तळाखाली आडव्या घातल्या, डाव्या चाकाची एक आणि उजव्या चाकाची एक. दोन्ही सळ्या गाडीच्या रुंदीइतक्या लांब. मग एकाच रेषेत बसायच्या कशा? त्यांनी एक पुढे आणि एक तिच्या मागे ठेवली. परिणाम असा की गाडीची डाव्या बाजूची पुढची-मागची चाके जितक्या अंतरावर आहेत, त्यापेक्षा उजव्या बाजूची सुमारे पाच सेंटिमीटर अधिक दूर आहेत.

वाचकांनी जरा थांबून हे मनाशी आणावे. मोटार ही सममितीची पूजा करणारी वस्तू. तिची दोन अंगे सारखी असावीत हे कुणी शिकवावे लागत नाही. इथे बटाट्याच्या पोत्याला सपाट जमीन मिळावी म्हणून मोटारीने आयुष्यभर किंचित तिरके उभे राहणे पत्करले, आणि तरीही अशा ऐंशी लाखांहून अधिक गाड्या निघाल्या. चालवणाऱ्यांपैकी बहुतेकांना हा फरक कधी जाणवलाही नसेल.

यानंतरची हकीकत वेगाने सांगतो. १९६५ सालच्या रेनो 'सोळा'त मागच्या सीटची पाठ छताला पट्ट्यांनी टांगून ठेवता येई. चाळीत आम्ही गाद्या मध्येच माळ्यावर चढवत असू, तसेच ते. कारखान्यात आमच्यापुढे मात्र साध्या दोनच तऱ्हा होत्या. पहिलीत पाठ गादीवर पालथी पडते. हे स्वस्त, पण दोन जाडीचा थर बसतो आणि जमिनीला पायरी पडते. दुसरीत आधी गादी पुढे उभी करायची आणि रिकाम्या झालेल्या खड्ड्यात पाठ आडवी करायची. जमीन सपाट होते. पण उभी गादी पुढच्या सीटला भिडते आणि ड्रायव्हरचे गुडघे चाकाला लागतात. पुढे डोक्याला आधार देणाऱ्या उशा आल्या, फोम जाड झाला, आणि घडी आणखीच फुगली. बसणाऱ्याला जाड गादी हवी, सामानाला पातळ. हे भांडण आमच्या टेबलावर रोज चाले, आणि मालक बहुधा सामानाच्या बाजूने असत.

एक गोष्ट सांगायला नको वाटते, पण सांगितली पाहिजे. कारखान्यात एका नव्या सीटची चाचणी चालली होती. खिट्टी मी काढलेली. मागे तांदळाची पोती रचून गाडी चालवली. समोर म्हैस आली म्हणून ड्रायव्हरने करकचून ब्रेक मारला, खिट्टी निसटली आणि पोती पाठीसकट त्याच्या मानेवर आली. माणूस वाचला, पण दोन महिने मानेला पट्टा बांधून फिरत होता. मी भेटायला गेलो तर म्हणाला, "साहेब, उघडायला सोपी केलीत हो, पण उघडूच नये अशी केव्हा करणार?" माझ्या रेखाटनावर खिट्टी एका बोटाने उघडावी अशी टीप होती, तिने किती ओझे सोसावे, याचा आकडाच नव्हता. सीट दुमडेनाशी असते तेव्हा तिच्यामागे पत्र्याची भिंत असते. दुमडती केली की ती भिंत जाते आणि तिचे सारे काम दोन खिट्ट्यांवर येते. युरोपातल्या नियमांत आज यासाठी चाचणी आहे. सीटमागे अठरा-अठरा किलोचे दोन ठोकळे ठेवून ताशी पन्नास किलोमीटरवरून होणाऱ्या धडकेइतका हिसका देतात, आणि पाठीने ते अडवलेच पाहिजेत.

मी निवृत्त झालो त्याच साली, २००१ मध्ये, जपानात होंडाची 'फिट' निघाली. तीच 'जाझ' म्हणून २००९ साली आपल्याकडे आली. तिच्या मागच्या सीटची घडी इतकी सपाट पडते की शोरूममध्ये मी वाकून पुन्हा पुन्हा पाहत राहिलो. विक्रेत्या मुलाला वाटले, आजोबांचे काही पडले! रहस्य सीटमध्ये नव्हतेच. पेट्रोलची टाकी नेहमी मागच्या सीटखाली असते. ती यांनी पुढच्या सीटांखाली नेली होती. आधी टाकी हलवली, मग सीटला खाली बुडायला वाट मिळाली.

अमेरिकेत क्रायस्लरने याच्याही पुढची मजल मारली. १९८३ च्या अखेरीस बाजारात आलेल्या त्यांच्या मिनिव्हॅनमधली बाकडी उचलून काढताना माणसांच्या कमरा मोडत. २००५ च्या नमुन्यात मधल्या रांगेच्या सीटा जमिनीतल्या हौदात गडप होऊ लागल्या. हौद करायचा तर स्टेपनी, टाकी, धुराडे, हातब्रेकच्या तारा सगळ्यांना नवे घर शोधणे आले. त्यांच्या अभियंत्यांनी मुलांच्या मेकॅनोसारख्या खेळाचे तुकडे जोडून ही अडगळ आधी समजून घेतली, असे वाचले तेव्हा मला त्यांच्याविषयी फार जवळीक वाटली. एवढे करूनही चारी चाकांना जोर देणाऱ्या यंत्रणेला जागा उरली नाही. ती सोडून द्यावी लागली. आणि हौदात मावावी म्हणून सीट पातळ झाली, तशी बसणाऱ्यांची कुरकुर सुरू झाली. ती मला अगदी ओळखीची वाटली.

आता मोटारी विजेवर चालू लागल्या आहेत, आणि बॅटरीला सर्वांत सोयीची जागा कोणती, तर जमिनीखालची. २०१७ साली क्रायस्लरने आपल्या 'पॅसिफिका'चा वीज आणि पेट्रोल या दोहोंवर चालणारा नमुना काढला. बॅटरी ठेवली ती नेमकी त्या हौदांत. त्यामुळे या गाडीच्या मधल्या सीटा आता जमिनीत जात नाहीत. सामान न्यायचे असेल तर त्या उचलून बाहेर काढायच्या आणि घरी ओसरीवर ठेवून निघायचे.