लष्करच्या विहिरीतलं कासव आणि कासवीची नजर



ग्वाल्हेरच्या मराठी वाड्यांबद्दल इथे बरंच लिहून झालंय. सरदारांचे मानपान, गणपतीतली गाणी, दिवाळीचा फराळ, सगळं आलं. विहिरींबद्दल मात्र कुणी लिहिलेलं दिसलं नाही. म्हणून आज आमच्या वाड्यातल्या विहिरीबद्दल, खरं तर विहिरीतल्या बिनभाड्याच्या भाडेकरूबद्दल लिहिते.

1810 च्या सुमारास दौलतराव शिंद्यांचा तळ ग्वाल्हेरच्या किल्ल्याच्या पायथ्याशी पडला आणि त्या तळाचंच शहर झालं. 'लष्कर' हे नाव तेव्हाचं. चिटणीस की गोठ, शिंदे की छावनी ही मोहल्ल्यांची नावं अजून तेच सांगतात. 'गोट' हा आपला तळासाठीचा शब्द, इथल्या बोलीत त्याचा 'गोठ' झाला. आता इथून हलायचं नाही हे कळल्यावर लोकांनी वाडे बांधले, आणि वाडा म्हटला की विहीर आलीच. पुढे 1916-17 मध्ये सांक नदीवर तिघरा धरण झालं, नळ आले. तरी माझ्या लहानपणापर्यंत आमच्याकडे धुणं, भांडी, बागेचं पाणी सगळं विहिरीचंच होतं.

आणि विहिरीत कासव असायचंच. आमच्याकडे होतं, शेजारच्या वाड्यात होतं, आत्याच्या सासरीही होतं. कासव किडे खातं, डासांच्या अळ्या खातं, पडलेला बेडूक खातं, म्हणून पाणी चांगलं राहतं अशी समजूत. खाणं खरंच आहे, पण त्याची घाणही त्याच पाण्यात, हा हिशेब कुणी केला नाही. शिवाय देवळात शिरताना सभामंडपाच्या फरशीत दगडी कासव दिसतं, त्याला हात लावून पुढे जायचं. तेव्हा विहिरीतल्या कासवाला दगड मारायची आमची हिंमत नव्हती. आजोबा म्हणायचे, ते त्यांच्या मुंजीच्या आधीपासून आहे. तेच एक होतं की एक गेलं की दुसरं आणून सोडत, देव जाणे.

1971 चा पावसाळा असावा. दोन दिवस झोडपून पाऊस झाला, स्वर्णरेखा नाल्याला पूर आला. पाणी ओसरल्यावर माझ्या चुलतभावाला मागच्या गल्लीत कासवाचं पिल्लू सापडलं. जुन्या रुपयाच्या नाण्याहून थोडंसं मोठं. पाठीवर पिवळे ठिपके, नाक सोंडेसारखं पुढे आलेलं. आम्ही त्याला पितळी परातीत ठेवलं. मग सगळ्या वाड्याची माया उतू गेली. कुणी पोळीचा तुकडा टाकला, कुणी दूधभात. ते काही खाईना. डोकं आत ओढून बसलं.

आजी सांगायची, कासवी आपल्या पिलांना नुसत्या नजरेनं पोसते. आपल्या संतांनी हा दृष्टान्त पुष्कळ वापरलाय, तिथूनच तो घराघरांत आला. ती पदर खोचून परातीजवळ बसली आणि म्हणाली, "याची आई कुठेतरी बघत असणार. तिच्या नजरेआड ठेवलंत तर ते जगायचं नाही."

दुसऱ्या दिवशी शिंगाडे विकणारे ढीमर बाबा आले. त्यांची हयात तळ्यात गेलेली. परातीत बघून म्हणाले, "बाईसाब, जे तो सुंदरी को बच्चा है. ताल में छोड़ देओ." काकांचं म्हणणं पडलं की विहिरीत सोडू, मोठ्याला सोबत होईल. बाबा हसले. म्हणाले, मोठं त्याला खाऊन टाकेल, आणि नाही खाल्लं तरी विहिरीत वाळू कुठाय? अंडी कुठे घालणार? त्यावर कुणाकडेच उत्तर नव्हतं. आमचं कासव इतकी वर्षं जगलं, पण त्याचा वंश त्या दगडी भिंतीत कधीच वाढणार नव्हता. संध्याकाळी काकांनी सायकलवरून पिल्लू सागरतालला नेलं आणि काठच्या गवतात उथळ पाण्यात सोडलं.

सुंदरी म्हणजे मऊ पाठीचं, गोड्या पाण्यातलं कासव. पोटाखाली मागच्या पायांवर झाकणासारख्या कातडी पाळ्या असतात, पाय आत घेतले की झाकण बंद. मादी जमिनीत अंडी घालते, माती टाकते आणि निघून जाते. परत फिरकत नाही. म्हणजे नजरेनं पोसणं हा संतांचा दृष्टान्त झाला, खऱ्या कासवीचा तसा रिवाज नाही. पण जाण्याआधी ती एक काम नीट करते, जागा निवडते. ओल किती, ऊन किती, पाणी किती लांब. पिलाला आई मिळते ती एवढीच. तिथून अंडी फोडून निघालेलं पिल्लू पहिल्या दिवसापासून पोहतं, लपतं, स्वतःचं खाणं शोधतं. त्याला पोळी नको असते, ती जागा हवी असते.

याच अर्थानं आपल्या शेजारी, मुरैन्यापासून जवळ देवरीला चाललेलं काम मला मोठं वाटतं. चंबळ 1978-79 मध्ये अभयारण्य झाली ती मुख्यतः घडियालसाठी. पण त्याच वाळूत कासवंही अंडी घालतात. त्यातलं बटागुर कछुगा हे एकेकाळी गंगेच्या खोऱ्यात दूरवर होतं, आता त्याचा खरा आधार चंबळच. विणीच्या दिवसांत नराच्या डोक्यावर लाल टिळा उमटतो. 2022 मध्ये भारताच्या प्रस्तावावरून त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर पूर्ण बंदी आली. वाळूचा उपसा, नदीपात्रातली शेती, कोल्हे यांच्यापासून वाचवायला माणसं अंडी कुंपणातल्या वाळूत पुरतात. उन्हाळ्यात पिल्लं निघाली की काही लगेच, काही थोडी वाढवून नदीला परत देतात. भाच्याच्या मुलांना घेऊन मी तिथे गेले होते. पिलांना कुणी नाव ठेवत नाही, कुणी कुरवाळत नाही. लांबून बघतात. मला आजीची आठवण झाली.

आता कामाचं. पावसाळ्यात पिल्लू सापडलं तर खोल बादलीत टाकू नका. सगळीच कासवं पोहणारी नसतात, पाठीवर चांदण्या असलेलं जमिनीवरचं कासव पाण्यात बुडून मरतं. रस्त्यावर असेल तर ज्या दिशेला चाललंय तिकडच्या कडेला ठेवा. जखमी असेल तर हवा जाईल अशा खोक्यात, ओलसर कापडावर ठेवून वनविभागाला कळवा. दूध, पोळी, भात काही नको. नुसत्या भात-पोळीवर ठेवलेल्या कासवाची हाडं आणि पाठ ठिसूळ होऊन वेडीवाकडी होतात. हात साबणानं धुवा. आणि घरी ठेवू नका. सुंदरी 1972 च्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, पाळणं गुन्हा आहे, तीन वर्षांपासून सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. 'वास्तूला शुभ' म्हणून टाकीत कासव ठेवणाऱ्या आपल्याच माणसांना हे सांगायला हवं. आमच्याही नात्यात दोन घरं आहेत.

आमची विहीर 1986 च्या उन्हाळ्यात आटली. गाळात बसलेलं कासव गोणपाटात घालून त्याच सागरतालला सोडलं. विहिरीवर आता स्लॅब आहे, त्यावर स्कूटर उभ्या राहतात.

तुमच्या वाड्यातल्या विहिरीत कासव होतं का? इंदूर, बडोदा, धार, देवासकडच्या मंडळींनी जरूर लिहा. विहीर बुजवली तेव्हा त्याचं काय केलं, तेही लिहा.