पडद्याने गाळलेला भाग: 'शेरलॉक ज्युनिअर'चा शेवट

एका मुलीमागे दोघं. त्यातला लबाड उघडा पडतो, भोळा जिंकतो, चुंबन, समाप्त. मूकपटांतला हा हिशोब तुम्हाला माहीत असेलच. बस्टर कीटनचा 'शेरलॉक ज्युनिअर' (१९२४) चुंबनानंतर आणखी काही सेकंद चालतो. आज फक्त त्या सेकंदांबद्दल बोलू या.

आधी गोष्ट थोडक्यात. कीटन गावातल्या थिएटरात प्रोजेक्टर चालवतो आणि डिटेक्टिव्ह व्हायचं पुस्तकातून शिकतो. प्रेयसीसाठी १ डॉलरचा चॉकलेटचा डबा घेतो आणि भाव खायला किमतीतल्या १ चा ४ करतो. प्रतिस्पर्धी त्याच्याही पुढचा. तो मुलीच्या वडिलांचं घड्याळ चोरतो, ४ डॉलरला गहाण ठेवतो आणि पावती गुपचूप कीटनच्या खिशात सरकवतो. पावतीवर ४, डब्यावर ४. चोर कोण ठरणार?

आता गंमत बघा. पुस्तक सांगतं, संशयिताच्या अगदी जवळ राहा. म्हणून हा त्याच्या पाठीला चिकटून, पावलावर पाऊल टाकत चालतो. हाती काही लागत नाही. मग थिएटरात परत येऊन प्रोजेक्टरशेजारी झोपतो आणि स्वप्नात चालू सिनेमात शिरून जगप्रसिद्ध डिटेक्टिव्ह होतो. खरी केस मात्र त्याआधीच सुटलेली असते. ती मुलगी स्वतः गहाणवटीच्या दुकानात जाते आणि घड्याळ कोणी ठेवलं ते विचारते. बस्स, एवढंच!

म्हणजे शेवटी ती प्रोजेक्टरच्या खोलीत माफी मागायला येते, तेव्हा कीटनला काही सिद्ध करायचं उरलेलंच नसतं. तरी तो गडबडतो. बोलावं काय, हात ठेवावेत कुठे? खिडकीतून पडद्याकडे बघतो. तिथला हिरो हिरोइनला स्वतःकडे वळवतो, हाताचं चुंबन घेतो, अंगठी घालतो. कीटन एकेक पायरी बघून तसंच करतो. चुंबनही उरकतो. पुन्हा पडद्याकडे बघतो, तर हिरोच्या मांडीवर बाळं! कीटन डोकं खाजवतो. समाप्त.

हा विनोद १९२४ मध्ये एका झटक्यात कळला असणार, कारण तोवर प्रेक्षकांना सिनेमाची भाषा सरावाची झाली होती. दृश्य विरून दुसरं उमटलं की मध्ये काळ गेला, हे कोणाला सांगावं लागत नव्हतं. कीटन तीच सवय उलटी वापरतो. बघणाऱ्याला वगळलेला काळ खटकत नाही, पण नक्कल करणाऱ्याला नेमका तोच हवा असतो. आम्हा सायन्सवाल्यांच्या भाषेत सांगायचं तर पेपरात रिझल्ट आहे, मेथड गायब. असा पेपर हातात घेऊन प्रयोग करून बघा, तुम्हीही डोकंच खाजवाल.

लोक याला लग्नसंस्थेची थट्टा म्हणतात. तीही आहेच. मला मात्र दुसरंच दिसतं. पुस्तक, प्रतिस्पर्ध्याची पावलं, पडदा: कीटन सिनेमाभर कोणाची तरी नक्कल करतोय. आणि जिने खरोखर काही शोधून काढलं, ती हातभर अंतरावर उभी आहे. तिला तो काहीच विचारत नाही.

सिनेमा जेमतेम पाऊण तासाचा आहे. पुढच्या वेळी बघाल तेव्हा शेवटच्या दृश्यात पडद्याकडे बघू नका, कीटनकडेही नको. तिच्याकडे बघा.