वीस रुपये कोणाचे?

सरासरी काढायला आपण मुलांना शाळेतच शिकवतो. सगळ्या संख्यांची बेरीज करायची आणि त्या जितक्या असतील तितक्यांनी भागायचे. रीत इतकी सोपी आहे की तिच्यात वाद घालण्यासारखे काही असेल असे वाटत नाही. परंतु हिंदुस्थानातील माणसाचे सरासरी उत्पन्न किती, या एका प्रश्नावर गेल्या शतकाच्या आरंभापर्यंत मोठे वाद झाले, आणि त्या वादाचा गाभा गणिताचाच होता. तो आपण आज पाहूया.

या वादाची सुरुवात केली ती दादाभाई नौरोजी यांनी. राजकारणी म्हणून आपण त्यांना ओळखतो, पण १८५० च्या दशकात ते मुंबईच्या एल्फिन्स्टन संस्थेत गणित शिकवत होते, ही गोष्ट पुष्कळदा विसरली जाते. १८७६ मध्ये ईस्ट इंडिया असोसिएशनच्या मुंबई शाखेपुढे त्यांनी हिंदुस्थानच्या दारिद्र्यावर एक निबंध वाचला. ब्रिटिश हिंदुस्थानात १८६७ ते १८७० या काळात वर्षाला किती मालाचे उत्पादन होते, याचा हिशेब त्यात होता. प्रत्येक प्रांतातील पिकाखालची जमीन, एकरी उत्पन्न आणि बाजारभाव ही माहिती सरकारी अहवालांतूनच घेतली होती. त्यातून बियाणे वजा केले, मग मीठ, अफू, कोळसा, कारागिरीचा माल, दूध, मांस, मासळी यांची भर घातली आणि चुकूनमाकून काही राहिले असेल म्हणून वर आणखी थोडी रक्कम धरली. एकूण बेरीज आली सुमारे ३४ कोटी पौंड. लोकसंख्या १७ कोटी. म्हणजे माणशी वर्षाला दोन पौंड, त्या वेळच्या हिशेबाने २० रुपये.

हा हिशेब करताना दादाभाईंनी सरकारी अहवालांतील एक दोष दाखवून दिला. तो वर्गात सांगण्याजोगा आहे. मध्य प्रांताच्या अहवालात सर्व जिल्ह्यांतील भावांची बेरीज करून तिला जिल्ह्यांच्या संख्येने भागले होते. यात काय चुकते? समजा, एका जिल्ह्यात ९०० मण तांदूळ पिकतो आणि भाव मणाला १ रुपया आहे. दुसऱ्या जिल्ह्यात १०० मणच पिकतो, म्हणून भाव ५ रुपये आहे. सरकारी रीतीने सरासरी भाव ३ रुपये, आणि हजार मणांची किंमत ३००० रुपये. प्रत्यक्षात किंमत होते ९०० अधिक ५००, म्हणजे १४०० रुपये. खरी सरासरी १ रुपया ४० पैसे. कागदावरचे पीक दुपटीहून अधिक मोलाचे झाले, शेतकऱ्याच्या कणगीत मात्र एक दाणाही वाढला नाही. आज आपण ज्याला भारित सरासरी म्हणतो, तिचाच आग्रह दादाभाई धरत होते.

पण २० रुपये म्हणजे थोडे की पुष्कळ? नुसत्या आकड्याला अर्थ नसतो. तो कशाशी तरी ताडून पाहावा लागतो. दादाभाईंनी मोजपट्टी शोधली ती सरकारच्याच दप्तरात. तुरुंगातील कैद्याला जगवण्यासाठी अन्नवस्त्रावर किती खर्च येतो, आणि परदेशी जाणाऱ्या गिरमिटिया मजुरांना जहाजावर किती शिधा द्यावा लागतो, हे सरकारने ठरवून ठेवले होते. बहुतेक प्रांतांत माणशी उत्पन्न हे कैद्याच्या खर्चाहून कमी भरले. कायदा पाळून, राबून खाणाऱ्या रयतेच्या वाट्याला कैद्याइतकेही येत नव्हते. या आकड्यांवरून १८६७-६८ च्या भावांनी प्रांतानुसार माणशी वर्षाला १६ ते ३५ रुपये अशी निर्वाहाची मर्यादा निघते. आपल्या देशातील दारिद्र्यरेषेचा हा पहिला हिशेब मानला जातो.

पुढे सरकारपक्षानेही आकडे मांडले. १८८२ मध्ये बेअरिंग आणि बार्बर यांनी दरडोई उत्पन्न २७ रुपये काढले. १९०१ मध्ये लॉर्ड कर्झन यांनी ते ३० रुपये सांगितले आणि परिस्थिती सुधारत असल्याचा दावा केला. त्याच वर्षी विल्यम डिग्बी यांनी आपल्या ग्रंथात ते २० रुपयांच्याही खाली आणून दाखवले. २०, २७, ३०, १८ अशी ही ओढाताण चालली, कारण आकडा वाढला की राज्य चांगले ठरे आणि घटला की लुटारू.

या ओढाताणीत दादाभाईंचे दुसरे एक म्हणणे मागे पडले. हे २० रुपयेसुद्धा प्रत्येकाच्या हाती पडत नाहीत, वरचे आणि मधले वर्ग त्यातला मोठा वाटा उचलतात आणि गरिबाकडे त्याहून कितीतरी कमी उरते, असे त्यांनी लिहून ठेवले होते. म्हणजे प्रश्न दोन होते : एकूण किती, आणि कोणाला किती. पहिल्याचे उत्तर भागाकाराने मिळते, दुसऱ्याचे मिळत नाही. १९२४ मध्ये मुंबईचे अर्थशास्त्रज्ञ के. टी. शहा यांनी के. जे. खंबाटा यांच्याबरोबर लिहिलेल्या पुस्तकात या दुसऱ्या प्रश्नाला हात घातला. त्यांच्या अंदाजानुसार देशाच्या उत्पन्नाचा साधारण तिसरा हिस्सा वरच्या फार तर पाच टक्के लोकांकडे जात होता, आणि तळच्या साठ टक्के लोकांना मिळून तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी उरत होते.

असा वाटा एका आकड्यात मांडता येईल का? त्याचे साधन तोवर दुसरीकडे तयार झाले होते. १९०५ मध्ये अमेरिकेतील मॅक्स लोरेंझ या विद्यार्थ्याने एक आलेख सुचवला, आणि १९१२ ते १९१४ या काळात इटलीतील संख्याशास्त्रज्ञ कोर्रादो जिनी यांनी विषमता मोजण्याचा गुणांक मांडून त्याची या आलेखाशी सांगड घातली. उदाहरण घेऊ. पाच माणसांत १०० रुपये वाटायचे आहेत. वाटणी झाली ५, १०, १५, २० आणि ५० अशी. सर्वांत गरिबापासून बेरीज करत गेलो तर पहिल्याकडे ५, पहिल्या दोघांकडे १५, तिघांकडे ३०, चौघांकडे ५० आणि पाचांकडे १०० रुपये होतात. आडव्या अक्षावर माणसांचे प्रमाण आणि उभ्या अक्षावर रकमेचे प्रमाण घेऊन हे बिंदू जोडले की खाली झुकलेली रेघ मिळते. सर्वांना समान २० रुपये मिळाले असते तर ती रेघ सरळ कर्णासारखी आली असती. कर्ण आणि झुकलेली रेघ यांच्यामधले क्षेत्रफळ हे कर्णाखालच्या त्रिकोणाचा कितवा भाग आहे, तो झाला जिनी गुणांक. आलेखाच्या कागदावर चौकोन मोजूनही तो काढता येतो. येथे तो ०.४० येतो. संपूर्ण समानता असेल तर शून्य, आणि मोठ्या समाजात सारे एकाच्याच हाती गेले तर जवळजवळ एक.

या वाटणीतही सरासरी २० रुपयेच आहे, हे लक्षात घ्या. पण पाचांपैकी तिघांनी २० रुपये कधी पाहिलेलेच नाहीत. अमर्त्य सेन यांनी १९७६ मध्ये सुचवलेली रीत अशी की सरासरीला एक वजा जिनी गुणांकाने गुणावे. आपल्या उदाहरणात २० गुणिले ०.६० म्हणजे १२ रुपये. समाजाच्या सुस्थितीच्या दृष्टीने त्या २० रुपयांचे मोल १२ इतकेच. दादाभाई जे शब्दांत सांगत होते, ते शंभर वर्षांनी असे सूत्रात आले.

स्वातंत्र्यानंतर १९५० मध्ये प्रशांतचंद्र महालनोबीस यांच्या पुढाकाराने राष्ट्रीय नमुना पाहणी सुरू झाली आणि घराघरांतील खर्चाची माहिती मिळू लागली. तिच्या आधारे पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतील वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी १९७१ मध्ये आपला प्रसिद्ध अभ्यास मांडला. माणशी दररोज २२५० उष्मांक मिळण्यासाठी १९६०-६१ च्या भावांनी खेड्यात महिना १५ रुपये आणि शहरात साडेबावीस रुपये खर्च लागतो, असे त्यांनी धरले. तेवढाही खर्च करू न शकणारे खेड्यांत सुमारे ४० टक्के आणि शहरांत सुमारे ५० टक्के निघाले. त्याहून बोचरा निष्कर्ष पुढचा होता. साठच्या दशकात सरासरी खर्च थोडा वाढला होता, पण वाढ वरच्या थरांनी घेतली. शहरांतील तळच्या २० टक्के लोकांची स्थिती उलट खालावली. सरासरी वर जात असताना गरीब खाली जाऊ शकतो, हे आता केवळ तर्काने नव्हे, तर पाहणीने दिसले.

मोजण्याची अडचण अजून संपलेली नाही. २०२२-२३ च्या घरगुती खर्चाच्या पाहणीत जिनी गुणांक खेड्यांत ०.२६६ आणि शहरांत ०.३१४ आला. हे आकडे लहान वाटतात, परंतु ते खर्चाचे आहेत, उत्पन्नाचे नाहीत. श्रीमंत माणूस मिळकतीतले बरेच शिल्लक टाकतो, गरीब सगळे खर्चून टाकतो. म्हणून खर्चातली विषमता उत्पन्नातल्या विषमतेपेक्षा कमी दिसते. शिवाय अतिश्रीमंत घरे अशा पाहण्यांत फारशी सापडत नाहीत. तेव्हा गुणांक सांगणाऱ्याला पहिला प्रश्न विचारावा : कशाचा?

आम्हाला वाटते, सरासरीचा धडा शिकवताना एक तास यासाठी जरूर द्यावा. मुलांना पाच आकडे द्या, सरासरी काढू द्या, आणि मग विचारा की यांतल्या किती जणांना सरासरीइतके मिळाले. उत्तर शोधायला बोटे पुरतात. दादाभाईंनी सरकारपुढे ठेवलेला प्रश्न याहून वेगळा नव्हता.