स्मृतिभ्रंशग्रस्तांची निवासी शुश्रूषा : गुणवत्तेच्या निकषांचा ब्रिटनमधील इतिहास

निवासी शुश्रूषागृहातील सेवेची गुणवत्ता कशावरून ठरवावी, या प्रश्नाचे ब्रिटनमधील उत्तर विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बदलत गेले. १९४८ च्या राष्ट्रीय साहाय्य कायद्याने जुना दरिद्री कायदा संपुष्टात आणला. परंतु त्या काळातील 'वर्कहाऊस'च्या इमारती वृद्धाश्रम म्हणून वापरात राहिल्या. पीटर टाउनसेंड या समाजशास्त्रज्ञाने १७३ संस्थांची पाहणी करून १९६२ मध्ये 'द लास्ट रिफ्यूज' हा ग्रंथ प्रसिद्ध केला, तेव्हा हे वास्तव अभ्यासकांपुढे आले.

१९६७ मध्ये बार्बरा रॉब यांच्या 'सान्स एव्हरीथिंग' या ग्रंथाने रुग्णालयांतील वृद्धांचे चष्मे, कवळ्या व श्रवणयंत्रे काढून घेतली जात असल्याचा आरोप केला. ज्याला दिसत नाही व ऐकू येत नाही, तो गोंधळलेला वाटणारच. तो गोंधळ मात्र आजाराच्या खाती जमा होई. १९६८ मधील शासकीय चौकशी अहवालांनी बहुतांश आरोप फेटाळले.

या विचाराला शास्त्रीय बैठक दिली ती ब्रॅडफर्ड विद्यापीठातील टॉम किटवुड यांनी. स्मृतिभ्रंशग्रस्ताची अवनती केवळ मेंदूतील बिघाडाने होत नाही. त्याला लहान मुलासारखे वागविणे, त्याच्यादेखत त्याच्याविषयी बोलणे, त्याला झेपणार नाही अशा घाईने घास भरविणे, यांमुळेही ती वाढते, असे त्यांचे प्रतिपादन होते. त्यांनी कॅथलीन ब्रेडिन यांच्यासह विकसित केलेल्या 'डिमेन्शिया केअर मॅपिंग' पद्धतीत निरीक्षक दर पाच मिनिटांनी प्रत्येक रहिवाशाची कृती व मनःस्थिती नोंदवितो. स्वच्छ फरशी व भरलेली नोंदवही यांपेक्षा हा निकष निश्चितच कठोर होय. तथापि निरीक्षक सामाईक दालनातच बसतो. स्नानगृह व रात्रीची खोली, जिथे माणसाच्या लाजेचा खरा प्रश्न असतो, ती या नकाशाबाहेरच राहते.

किटवुड यांचा 'डिमेन्शिया रिकन्सिडर्ड' हा ग्रंथ १९९७ मध्ये आला. पुढील वर्षी त्यांचे निधन झाले. ग्रंथ गाजला, पण आचरण मागेच राहिले. २००९ मध्ये सुबे बॅनर्जी यांनी शासनाला सादर केलेल्या अहवालानुसार ब्रिटनमध्ये वर्षाकाठी सुमारे १,८०,००० स्मृतिभ्रंशग्रस्तांना मनोविकारविरोधी औषधे दिली जात होती. त्यांपैकी लाभ होणारे जेमतेम ३६,००० होते, तर या औषधांमुळे ओढवणारे अतिरिक्त मृत्यू सुमारे १,८०० होते.