अळीव, चीक आणि पान्हा

नगर जिल्ह्यात बाळंतिणीला दूध पुरेनासे झाले की घरचे आधी स्वयंपाकघराकडे वळतात. अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, मेथी, बाळंतशेपा, ऐपत असेल तर शतावरी. या खुराकाला मी नावे ठेवणार नाही. एरवी सर्वांत शेवटी जेवणाऱ्या बाईला तो सव्वा महिना पोटभर अन्न आणि विसावा मिळवून देतो. पण दूध वाढते ते मुख्यतः छाती वरचेवर रिकामी झाल्याने. परंपरेने नेमका तिथेच खोडा घातला. दूध तिसऱ्या-चौथ्या रात्री उतरते असे मानून सुश्रुतसंहिता तोवर बाळाला मध-तूप द्यायला सांगते. गावोगाव हीच समजूत मधाच्या बोटात आणि गुळाच्या पाण्यात टिकली, पिवळा चीक टाकला गेला, आणि बाळाच्या ओढण्याने दुधाचा पाया पडायचे दिवस हातचे गेले. बाळाच्या स्पर्शाने, दर्शनाने, आठवणीनेही पान्हा फुटतो हे त्याच ग्रंथाचे निरीक्षण मात्र मागे पडले.

नगर जिल्ह्यातल्याच जामखेडला १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी काम सुरू केले, तेव्हा हजार जन्मांमागे सुमारे १७६ अर्भके दगावत. गावानेच निवडलेल्या, बहुतांश निरक्षर, अनेक दलित आरोग्यसेविकांनी इतर कामांबरोबर बाळाला लवकर अंगावर घ्या हेही घरोघरी सांगितले. पुढे मृत्यू झपाट्याने घटले. त्याचे श्रेय एकट्या अंगावरच्या दुधाला देता येणार नाही. स्वच्छ बाळंतपण, लसी, पाणी, आहार सगळेच बदलत होते. तरी चिकाबद्दलची भीती गावातल्याच बाईच्या शब्दाने हटू शकते, हे जामखेडने दाखवले, आणि मला ते औषधाइतकेच महत्त्वाचे वाटते.

अपुऱ्या दिवसांचे बाळ काचेच्या पेटीत असेल तर ओढणार कोण, असा प्रश्न रास्त आहे. तिथे हात किंवा पंप बाळाची जागा घेतो: जन्मानंतर पहिल्या काही तासांत सुरुवात, दिवसरात्र मिळून आठ ते बारा वेळा, रात्रीची एखादी वेळ न चुकवता, आणि जमेल तेव्हा बाळ उघड्या छातीशी. सुरुवातीला थेंबच निघतात. तोच चीक, वाटी-चमच्याने किंवा नळीने द्यायचा. मुंबईच्या शीव रुग्णालयात डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ साली आशियातली पहिली मातृदुग्धपेढी उभी केली ती अशाच बाळांसाठी. शतावरी-मेथीने दूध वाढल्याचे पुरावे आजही तोकडे आहेत. खुराक असू द्यावा, पण त्याच्या भरवशावर दूध काढण्याच्या वेळा चुकवू नयेत.

आणि वेळ हीच पाथर्डी-जामखेडच्या ऊसतोडणी करणाऱ्या बाईकडे नसते. मुकादमाची आगाऊ उचल नवरा-बायकोच्या जोडीवर, म्हणजे ‘कोयत्या’वर असते, एका दिवसाच्या खाड्याचेही पैसे कापले जातात, आणि बाळ खोपीत किंवा फडाच्या कडेला राहते. तिचे दूध आटले तर तिला लाडू खायला सांगण्याआधी पाजण्याची सुट्टी मुकादमाच्या हिशेबात धरली गेली पाहिजे.