ढालीबाहेरची माणसे

हिंगोलीकरांपुढे समुद्रावरील लढाईचा विषय मांडताना थोडा संकोच वाटतो. आपण कयाधूकाठची माणसे. लष्कराशी आपल्या गावाचा जुना संबंध तो निजामाच्या काळच्या छावणीचा, आणि तीही १९०३ पर्यंतच होती. परंतु मुंबईच्या गोदीत तीस वर्षे वावरलेल्या 'विराट' या जहाजाचा इतिहास आम्ही वाचू लागलो, तेव्हा त्यात कामगारांचा एक प्रश्न दडलेला दिसला. म्हणून हा विषय.

सैन्य जहाजावरून किनाऱ्यावर उतरत असते, त्या वेळी ते सर्वांत दुबळे असते. जहाज एका जागी खोळंबलेले, माणसे दाटीवाटीने उभी, तोफा अजून खाली यायच्या. १६७९ साली शिवाजी महाराजांची माणसे मायनाक भंडारी यांच्याबरोबर खांदेरी बेटावर उतरली, तेव्हा इंग्रजांची मोठी जहाजे वाट अडवून उभी होती. मराठ्यांच्या लहान होड्या रात्री उथळ पाण्यातून निसटून बेटावर दाणागोटा पोचवीत. काळोख हीच त्यांची ढाल होती.

विसाव्या शतकात रडार आले आणि काळोखाची ती ढाल गेली. पुढे जहाजावर मारा करणारी क्षेपणास्त्रे आली. २१ ऑक्टोबर १९६७ रोजी इजिप्तच्या लहान नौकांनी इस्रायलचे 'एलात' हे विनाशक जहाज अशा क्षेपणास्त्रांनी बुडविले. डिसेंबर १९७१ मध्ये निपात, निर्घात आणि वीर या आपल्या नौकांनी त्याच जातीच्या क्षेपणास्त्रांनी कराचीपुढे पाकिस्तानचे 'खैबर' बुडविले. छोटी नौका मोठ्या जहाजाला दुरूनच गारद करू शकते, हे जगाने पाहिले.

आता 'विराट'कडे वळू. तिचे मूळ नाव 'हर्मिस'. १९५९ साली ती ब्रिटिश आरमारात विमानवाहू जहाज म्हणून दाखल झाली. १९७१ ते १९७३ या काळात तिच्यात फेरबदल करून तिला कमांडो सैनिक व हेलिकॉप्टरे किनाऱ्यावर उतरविणारे जहाज बनविण्यात आले. नंतर तिच्यावर सी हॅरियर विमाने आली. २ एप्रिल १९८२ रोजी अर्जेंटिनाने फॉकलंड बेटे घेतली, तेव्हा ती परत घेण्यासाठी निघालेल्या ताफ्याचे हे ध्वजजहाज झाले.

अर्जेंटिनाजवळ विमानातून सोडण्याची एक्झोसेट क्षेपणास्त्रे अवघी पाच होती. पण त्या पाचांनी सारा ताफा धास्तावला. हे क्षेपणास्त्र लाटांच्या थोडेच वरून, जवळजवळ ध्वनीच्या वेगाने येते. पृथ्वीच्या गोलाईमुळे जहाजाच्या रडारला ते सुमारे तीस किलोमीटरच्या आत आल्यावरच दिसू शकते. म्हणजे हाती राहतो दीड मिनिटाच्या आसपासचा अवधी. अशा वेळी एका जहाजाने एकट्याने बचाव करणे कठीण. म्हणून थरांवर थर रचलेले असतात. सर्वांत बाहेर लढाऊ विमानांची गस्त. मग पुढे पेरलेली पहाऱ्याची जहाजे. त्यानंतर जवळ मारा करणारी क्षेपणास्त्रे व तोफा. आणि शेवटी 'चॅफ', म्हणजे धातूचा मुलामा दिलेल्या तंतूंचा ढग. क्षेपणास्त्राचे रडार त्या ढगालाच जहाज समजते आणि फसते.

हे थर कागदावर रेघांसारखे दिसतात, पण त्यांत माणसे असतात. ४ मे रोजी पहाऱ्यावरचे 'शेफील्ड' एक्झोसेटने पेटले. वीस माणसे गेली. २१ मे रोजी सान कार्लोसच्या खाडीत सैन्य उतरू लागले. ही जागा भोवतालच्या टेकड्यांमुळे निवडलेली होती: एक्झोसेटला लक्ष्य सापडू नये आणि वैमानिकाला नेम धरण्यास वेळ मिळू नये. अर्जेंटिनाची विमाने इतक्या खालून आली की कित्येक बाँब फुटलेच नाहीत. तरीही उतरणाऱ्या सैन्याच्या बाहेर उभे असलेले 'आर्डंट' बुडाले व बावीस जण मेले. सैन्य मात्र सुखरूप उतरले. ढालीने आपले काम केले.

आमच्या विषयाचा गाभा २५ मेच्या घटनेत आहे. त्या दिवशी दोन एक्झोसेट ताफ्याच्या दिशेने आली. लढाऊ जहाजांनी चॅफ उडविले. क्षेपणास्त्रे बहकली आणि पुढे 'अटलांटिक कन्व्हेयर' या मालवाहू जहाजावर आदळली. हे व्यापारी जहाज सरकारने युद्धासाठी ताब्यात घेतलेले होते. त्याच्यावर चॅफ नव्हते, बचावाचे दुसरेही साधन नव्हते. बारा माणसे मेली. त्यांत कप्तान इयान नॉर्थ आणि पगारावर काम करणारे व्यापारी खलाशी होते. 'हर्मिस' वाचली.

याचा हिशेब तेथेच संपला नाही. त्या जहाजाबरोबर तीन चिनूक व सहा वेसेक्स हेलिकॉप्टरे जळाली. सैन्याला पाठीवर ओझी घेऊन बेट पायी तुडवावे लागले, आणि काही तुकड्यांना समुद्रमार्गे पुढे नेणे भाग पडले. ८ जूनला 'सर गॅलाहॅड' हे सैन्य उतरविणारे जहाज, जवळ एकही लढाऊ जहाज नसताना, भर दिवसा तासन् तास नांगरून राहिले. विमाने आली. अठ्ठेचाळीस जण दगावले. त्यांत वेल्श गार्ड्सचे बत्तीस सैनिक होते आणि हाँगकाँगहून आलेले चिनी कामगारही होते. मालाच्या जहाजाला ढाल न देण्याची किंमत अशी पुढे लढणाऱ्या शिपायालाच मोजावी लागली.

सेनापतीने मोठ्या जहाजाला आधी जपावे, हे आम्हांला मान्य आहे. ते बुडते तर मोहीमच बुडती. परंतु शिपाई आणि हमाल, लढाऊ जहाज आणि मालाचे जहाज असा भेद कागदावर असतो, क्षेपणास्त्राला तो कळत नाही. आपल्या कोकणातील खलाशांना हे ठाऊक होते. दोन्ही महायुद्धांत त्यांनी ब्रिटिश व्यापारी जहाजांच्या भट्ट्या पेटत्या ठेवल्या आणि पाणतीरांचे तडाखे सोसले. विजयाच्या इतिहासात त्यांची नावे क्वचितच सापडतात.

'हर्मिस' १२ मे १९८७ रोजी 'विराट' झाली. पुढे आपल्या आरमाराने तिच्यावर बराक ही विमानवेधी क्षेपणास्त्रे बसविली. ६ मार्च २०१७ रोजी मुंबईत ती निवृत्त झाली. २०१८ साली महाराष्ट्र सरकारने सिंधुदुर्गात निवतीजवळ तिचे संग्रहालय करण्यास मंजुरी दिली, पण ते झाले नाही; सप्टेंबर २०२० मध्ये तिला मुंबईहून ओढत अलंगला नेले व तेथे मजुरांनी ती तोडली.

आपल्या आरमारात २००७ साली सैन्य उतरविणारे 'जलाश्व' आले. २०२० च्या महामारीत त्याच जहाजाने मालदीवमध्ये अडकलेल्या ६९८ भारतीयांना कोचीला आणले. अशा जहाजाभोवती ढाल हवीच, आणि ती भक्कम हवी. एवढेच म्हणावयाचे की ढालीची आखणी करताना पहिला प्रश्न 'कोणते जहाज वाचवायचे' हा असला, तरी 'चुकलेला घाव कोणावर पडेल' हा दुसरा प्रश्न त्याच बैठकीत विचारला गेला पाहिजे. तो विचारण्याचा अधिकार गोदीतल्या कामगाराला आहे, आणि कर भरणाऱ्या हिंगोलीच्या नागरिकालाही आहे.