चलच्चित्राची धुळाक्षरे

मुलाच्या हाती पाटी दिली म्हणजे त्याला लेखन आले असे कोणी मानीत नाही. आधी धुळाक्षरे गिरवावी लागतात. कॅमेऱ्याच्या बाबतीत हा साधा न्याय आपण विसरलो आहो. आमच्या सौंसर-पांढुर्णा भागात आज बहुतेक घरी चित्रण करणारा फोन आहे. जामसावळीस निद्रिस्त हनुमंताच्या दर्शनाला जाणारा भाविकही हात जोडण्यापूर्वी तोच पुढे करतो. चित्रण अमाप होते; चित्र घडविण्याची विद्या मात्र कोणी शिकवीत नाही. 1956 च्या राज्यपुनर्रचनेत नागपूर मुंबई राज्यात गेले, आम्ही मध्य प्रदेशात राहिलो. कचेरीत हिंदी, घरात मराठी अशी आमची रीत पडली. ज्या समाजाची भाषा घरापुरती उरते, त्याने आपल्या स्मृती स्वतःच्या वाणीत चित्रबद्ध करावयास शिकणे ही चैन नव्हे, गरज आहे.

आम्ही वकिली करणारे लोक चित्रणाकडे प्रथम पुरावा म्हणून पाहतो. पुराव्यास अखंडता हवी; मध्येच कापलेले चित्रण न्यायासनापुढे संशयास पात्र ठरते. कलेचा नियम याच्या नेमका उलट आहे. कोठे कापावे, कशाला काय जोडावे, काळ कोठे आवळावा आणि कोठे सैल सोडावा, हे कळू लागले की कलेचा आरंभ झाला. व्हिडिओ-कलेचा इतिहास सांगणारे बहुधा 1963 पासून सुरुवात करतात. त्या वर्षी जर्मनीतील वुपर्टाल येथे नाम जून पाइक या कोरियन कलावंताने दूरचित्रवाणीचे संच घेऊन प्रदर्शन मांडले होते. परंतु या कलेची मूळाक्षरे आपल्या देवालयांच्या अंगणात त्याच्या फार पूर्वीपासून गिरविली जात होती.

कुडाळजवळील पिंगुळी हे गाव मराठी आणि कोकणी या दोन्ही वाणींच्या शेजारातले. तेथील ठाकर समाजाने चित्रकथीची परंपरा राखली. रामायण-महाभारतातील प्रसंगांची सुटी चित्रे, त्यांची बांधलेली पोथी, आणि वीणा, टाळ, हुडुक यांच्या साथीने देवळात होणारे कथन, असे तिचे स्वरूप. एक चित्र दूर होते, दुसरे पुढे येते, आणि मधली रिकामी जागा कथेकऱ्याचा स्वर भरून काढतो. चित्रांचा क्रम आणि चित्रास स्वराची जोड, हे दोन धडे येथे मिळतात. ही परंपरा जतन करणारे परशुराम गंगावणे यांस 2021 साली पद्मश्री देण्यात आली.

तिसरा धडा प्रकाशाचा. तो कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांनी दिला. काचेवर हाताने रंगविलेली चित्रे दिव्याच्या साहाय्याने पडद्यावर टाकून, ती झपाट्याने बदलीत, आकृती हालत असल्याचा भास ते निर्माण करीत. 1892 पासून त्यांच्या ‘शांबरिक खरोलिके’चे प्रयोग होऊ लागले. ल्यूमिएर बंधूंची चलच्चित्रे मुंबईत दाखविली गेली ती 1896 साली, हे ध्यानात घेतले म्हणजे या खटाटोपाचे मोल कळते.

चौथा धडा काळाचा, आणि तो सर्वांत कठीण. त्र्यंबकेश्वरी 1870 साली जन्मलेल्या धुंडिराज गोविंद फाळक्यांनी चित्रकला, छायाचित्रण, मुद्रण आणि जादूचे प्रयोग इतक्या विद्या आधीच हस्तगत केल्या होत्या. ख्रिस्ताच्या जीवनावरील चित्रपट पाहून आपले देव पडद्यावर आणण्याचा त्यांनी ध्यास घेतला. अहोरात्र चित्रपट पाहण्याच्या ताणाने काही काळ त्यांची दृष्टी गेली. तरीही विम्याची पॉलिसी तारण ठेवून 1912 च्या फेब्रुवारीत ते लंडनला गेले, हेपवर्थ यांच्या चित्रशाळेतील काम जवळून पाहिले, आणि विल्यमसन कॅमेरा मिळवून परतले. परत आल्यावर त्यांनी थेट पौराणिक कथेस हात घातला नाही. कुंडीत वाटाणा पेरला आणि कॅमेरा एका जागी ठेवून त्याची वाढ अंतराअंतराने टिपली. कित्येक दिवसांची वाढ काही क्षणांत पाहणाऱ्यांस दिसली. फितीच्या कडांना भोके पाडण्याचे किचकट काम त्यांच्या पत्नी सरस्वतीबाईंनी शिकून घेतले. मग 3 मे 1913 रोजी मुंबईच्या कॉरोनेशन चित्रपटगृहात ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांपुढे आला. पुढे 1917 साली ‘चित्रपट कसे तयार करतात’ हा लघुपट काढून फाळक्यांनी ही विद्या सर्वांस उघडी करून दिली.

हा धागा तेथे तुटला नाही. 1969 साली चित्रकार अकबर पदमसी यांनी मुंबईत कलावंतांसाठी एक प्रयोगशाळा उघडली. तेथे तरुण नलिनी मालानी यांनी एकेक चौकट टिपीत ‘ड्रीम हाउसेस’ हा लघुपट केला. नंतरच्या कृतींत त्यांनी फिरत्या पारदर्शक नळकांड्यांवर चित्रे रंगविली आणि त्यांतून प्रकाश व सावल्या भिंतीवर सोडल्या. कल्याणचा दिवाच जणू नव्या घरात पेटला.

या इतिहासातून आम्ही एवढेच काढतो की यंत्र महाग असो वा स्वस्त, क्रम, स्वर, प्रकाश आणि काळ ही चार अक्षरे हातानेच गिरवावी लागतात. पाचवे अक्षर जतनाचे. ‘राजा हरिश्चंद्र’ आज संपूर्ण उपलब्ध नाही. त्याचा काही भागच उरला आहे. जे घराण्याची पॉलिसी पणास लावून घडले तेही असे विरून जाते, मग फोनमधील नोंदींचे काय? मंदिराच्या उत्सवाचे चित्रण करणाऱ्या तरुणाने तारीख, स्थळ आणि सांगणाऱ्याचे नाव नोंदवावे, मूळ चित्रण न कापता दोन ठिकाणी ठेवावे, आणि कापाकापी करावयाची ती प्रतीवर करावी. पुरावाही टिकेल, कलाही साधेल.

आरंभास मोठा विषय नको. सौंसरची भूमी संत्र्यांची आहे. आंबिया बहाराचे एक फूल निवडावे, फोन रोज त्याच जागी टेकवावा, आणि फळ पिकेपर्यंत धीर धरावा. फाळक्यांच्या वाटाण्याला जो वेळ लागला, त्याहून संत्र्याला बराच अधिक लागेल; पण बागाईतदारांच्या मुलांना वाट पाहणे कोणी वेगळे शिकवावे लागत नाही.